लिलावानंतरचे ४६ दिवस: धायरीतल्या एका घराचं प्रकरण

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार. संध्याकाळी ती दोघं माझ्याकडे आली तेव्हा त्यांचं घर विकलं जाऊन तीन दिवस झाले होते. बुधवारी बँकेच्या ई-लिलावात पुण्यातल्या धायरीतला दोन बेडरूमचा फ्लॅट ५७ लाख ६० हजारांना गेला होता. नवरा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा पुतण्या. तो खाली मान घालून बसला होता. बायकोच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात बँकेची वीसेक पाकिटं. त्यातली अकरा न फोडलेली.

मी २१ वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली. घरं ताब्यात घ्यायला मीही गेलो आहे. पंचनामा लिहिताना स्वयंपाकघरात ‘कुकर १, भरलेला’ अशी नोंद एकदा माझ्याच अक्षरात झाली आहे. आतली डाळ गरम होती आणि घरातली माणसं खाली पार्किंगमध्ये उभी होती. ती नोंद मला अजून विसरता आलेली नाही. निवृत्तीनंतर अशा कुटुंबांची कागदपत्रं बघून देतो, त्यामागे ती एक ओळ आहे. हे प्रकरण त्या दोघांच्या संमतीने लिहितो आहे, नावं आणि बँक वगळून.

घर २०१२ सालच्या जूनमध्ये ३२ लाखांना घेतलेलं, दोघांच्या नावावर. कर्ज २५ लाख ६० हजार. नवऱ्याचा शाळेच्या मुलांची ने-आण करण्याचा व्यवसाय. २०१८ मध्ये दुसरी बस घेण्यासाठी त्याच घरावर ९ लाखांचं टॉपअप, म्हणजे वाढीव कर्ज, काढलं आणि दोन्ही मिळून हप्ता ३४,८०० वर गेला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत दिली, पण व्याज थांबलं नव्हतं. ते मुद्दलात चढत राहिलं. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा एक बस विकलेली होती आणि निम्म्या पालकांनी मुलांसाठी दुसरी सोय करून घेतली होती. पुढची दीड-दोन वर्षं कधी हप्ता भरला, कधी चुकला. २०२२ च्या शेवटी खातं एनपीएत, म्हणजे बुडीत वर्गात, गेलं.

जानेवारी २०२३ मध्ये सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता गहाण घर विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस आली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती याच कागदाची. नोटिशीत ३३ लाख ४० हजारांची मागणी होती, ६० दिवसांत. कायदा तसंच सांगतो. एकदा खातं बुडीत गेलं की बँक सगळं कर्ज एकदम मागते. तो आकडा वाचून नवऱ्याने नोटीस घडी करून कपाटात ठेवली. ३३ लाख आणायचे कुठून? पण त्या दिवशी खरोखर थकलेले हप्ते होते चार, म्हणजे १ लाख ३९ हजार २०० रुपये. सगळी थकबाकी भरली तर खातं पुन्हा नियमित वर्गात घेता येतं, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे आणि माझ्या अनुभवात बँका ते आनंदाने करतात, कारण त्यांनाही घर विकायचं नसतं. घरात त्या वेळी बायकोच्या दोन पाटल्या होत्या. मोठा आकडा नोटिशीत होता, छोटा नव्हता. शाखेत जाऊन तो कोणी विचारला नाही. नोटिशीवर लेखी हरकत घेण्याचाही हक्क असतो आणि बँकेला १५ दिवसांत तिचं उत्तर द्यावं लागतं. तोही तसाच राहिला.

पुढचं सगळं ठरलेल्या वाटेने झालं. मे २०२३ मध्ये दारावर ताबा नोटीस चिकटवली आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापून आली, त्यातलं एक मराठी. यालाच सिम्बॉलिक पझेशन म्हणतात. ताबा कागदोपत्री बँकेचा, राहणारे तेच. सोसायटीतल्या कोणीतरी कात्रणाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवसापासून सासूबाईंनी संध्याकाळी खाली बाकावर बसणं सोडलं. बँकेने कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रत्यक्ष ताब्याचा आदेश मिळवला. ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या लिलावात ५८ लाखांच्या राखीव किमतीला बोलीच लागली नाही. दुसऱ्या वेळी ती ५२ लाखांवर आणली. फेरलिलावाला ३० दिवसांऐवजी १५ दिवसांची सूचना पुरते. २५ सप्टेंबरला घर गेलं.

त्या शनिवारी त्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक घरात तेच असतं. उद्या सकाळी पोलीस येतील आणि सामान रस्त्यावर फेकतील. एक ‘ओळखीचा माणूस’ ७५ हजार घेऊन स्टे आणून देणार आहे. आणि आता आपलं म्हणून काहीच उरलेलं नाही.

आधी स्टेचं बघितलं. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, ४५ दिवसांत दाद मागता येते. दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. मी न फोडलेली पाकिटं त्यांच्यासमोर एकेक करून फोडली आणि तारखा कागदावर मांडल्या. नोटिसा पोचल्या होत्या का, जाहिरात आणि लिलाव यांत पुरेसे दिवस होते का, मूल्यांकन झालं होतं का, राखीव किमतीपेक्षा कमीत विकलं का? कुठेही फट दिसली नाही. तरी मी माझ्या शब्दावर थांबू दिलं नाही. पुण्यात डीआरटीत काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे त्यांना पाठवलं. त्यांनी सल्ल्याचे दोन हजार घेतले आणि स्पष्ट सांगितलं की अर्ज करता येईल, पण टिकण्यासारखं त्यात काही नाही. बायकोचा भाऊ गावची जमीन विकून पैसे उभे करायला तयार होता. त्यालाही उशीर झाला होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाफना मोटर्सच्या प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. भावाने जमीन विकली नाही. ७५ हजारवाल्याला नाही म्हणून कळवलं. हे पैसे वाचले, हा या प्रकरणातला पहिला फायदा.

मग मी तिला विचारलं, “घर केव्हा सोडायचं, हे तुम्ही ठरवायचं की त्यांनी?”

ती म्हणाली, “काका, दिवाळी या घरात होऊ दे. एवढंच.”

हे शक्य आहे असं मला वाटलं, आणि त्याला कारण होतं. खरेदीदाराला लिलावानंतर लगेच २५ टक्के भरावे लागतात. इथे ते १४ लाख ४० हजार होते. उरलेले ४३ लाख २० हजार विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, म्हणजे साधारण दसऱ्याच्या सुमारास. त्यानंतर सेल सर्टिफिकेट. प्रत्यक्ष ताबा द्यायला तहसील कार्यालयाचा माणूस आणि पोलीस बंदोबस्त लागतो. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि महसूलची सगळी माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला ताब्यासाठी तारीख मिळाली २७ नोव्हेंबर, मतदान होऊन आठवड्याने.

म्हणजे घरात २७ तारखेपर्यंत राहता आलं असतं. नवऱ्याचं मत तेच होतं, मिळतील तेवढे दिवस काढायचे. मी त्याला कुकरची गोष्ट सांगितली. सक्तीच्या ताब्यात काय होतं ते पाहिलेला माणूस त्या दिवसाची वाट बघत बसत नाही. कुलूप तोडतात किंवा तुमच्या हातून उघडवतात. दोन-तीन तासांत सामानाची यादी होते आणि घाईत लिहिलेल्या यादीत ‘गाठोडी ६’, ‘किरकोळ भांडी’ असंच येतं. सामान नंतर परत मिळतं, बँकेला ते ठेवून घेण्याचा हक्क नाही, पण मधल्या काळात ते कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली असतं, हा प्रश्न असतो. शिवाय मुलगी दहावीला. तिची वह्या-पुस्तकं सीलबंद दाराआड गेली तर? त्यांच्या घरी आमचं हे बोलणं चाललं होतं तेव्हा ती मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती आणि दार उघडं होतं.

खरेदीदाराला भेटायचं मी सुचवलं तेव्हा नवरा चिडला. “त्याचं तोंड बघायचं नाहीये मला.” ते मी समजू शकतो. पण त्या माणसाने काही हिरावून घेतलं नव्हतं, जाहीर लिलावात घर घेतलं होतं. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलासाठी घेतलेलं घर, आणि त्यांचाही गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला. त्यांना २७ नोव्हेंबर परवडत नव्हती. आम्हाला १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनापर्यंत घर हवं होतं. बँकेच्या अधिकाऱ्याच्या टेबलाशी बसून तारीख ठरली, रविवार १० नोव्हेंबर. घरातल्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या आणि सेफ्टी डोअर तसंच ठेवायचं आणि त्याबद्दल त्यांनी २५ हजार द्यायचे, असं एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावर अशा वेळी फार कडवट भांडणं होतात. माझा साधा हिशेब असतो. काढल्यावर भिंतीला भगदाड पडेल ते घराचं, हुकाला टांगलेलं ते आपलं. पंखे, गिझर, पाण्याचा फिल्टर त्यांनी नेले.

भाड्याचं घर शोधताना एकच अट धरली, मुलीची शाळा बदलायची नाही. नऱ्ह्याकडे एक बेडरूमचं घर मिळालं, १४ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घेतला, कारण पुढे आधार, रेशन कार्ड, गॅस, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागणार होता. घरमालकाला लिलावाचं सांगायचं का, यावर दोघांत वाद झाला. बायकोने सांगून टाकलं. मालक एवढंच म्हणाला, “भाडं पाच तारखेला द्या.”

सोसायटीचा मात्र त्रास झाला. मेंटेनन्सचे ८४ हजार थकले होते आणि सेक्रेटरींनी निरोप पाठवला की ते भरल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर जाणार नाही. सोसायटीला थकबाकी वसूल करण्याचा पूर्ण हक्क आहे, पण त्यासाठी सहकार खात्याकडून वसुली दाखला घ्यावा लागतो. घरातलं सामान अडवता येत नाही. मी तसं पत्र लिहून दिलं. लिलावाच्या अटींत ‘आहे तसं, आहे तिथे’ हे कलम होतं आणि सोसायटीची देणी खरेदीदाराकडे असल्याचंही छापलेलं होतं. त्या गृहस्थांना ते माहीत होतं आणि त्यांनी ती रक्कम भरली. तरी बायकोला ते लागलं. “बारा वर्षं त्यांच्यात राहिलो, काका. पाणी वापरलं, लिफ्ट वापरली.”

दिवाळी झाली. भाऊबीजेला भाऊ आला. पाडव्यानंतर बांधाबांध सुरू झाली आणि तेव्हा नवऱ्याला बांध फुटला. माळ्यावरून बसच्या वह्या निघाल्या, २०१२ पासूनच्या. कुठल्या मुलाला कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता घ्यायचं, कोणाला गाडी लागते, कोणाची आजी खाली उभी असते. तो रात्री दीडपर्यंत त्या वाचत बसला. टाकून दे असं त्याला कोणी म्हटलं नाही. एका खोक्यात भरून त्या नऱ्ह्याला गेल्या.

रविवारी सकाळी दोन ‘छोटा हत्ती’ आले. सासूबाईंनी देव स्वतः उचलले आणि ताम्हनात ठेवून मांडीवर घेऊन रिक्षातून गेल्या. बाल्कनीतली तुळस आदल्या दिवशीच हलवली होती. तुळशीचं लग्न दोन-तीन दिवसांवर होतं. दुपारी घर झाडून, फरशी पुसून घेतली. तिने पुसली, मी नको म्हटलं तरी. मग पंचनामा. प्राधिकृत अधिकारी, खरेदीदार, दोन पंच. प्रत्येक खोलीचे फोटो, विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग, चाव्यांची संख्या, आणि ‘कर्जदाराने स्वखुशीने रिकामा ताबा दिला’ हे वाक्य. त्या पंचनाम्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घेतली. शेवटचं वीज बिल भरून घेतलं. दारावरची पाटी धाकट्या मुलाने स्क्रू काढून खिशात घातली होती, ते घरी गेल्यावर कळलं.

२० नोव्हेंबरला दोघं मतदानाला जुन्याच केंद्रावर आली. नाव बदलायचा अर्ज त्यानंतर केला.

हिशेब

आता ज्या भागाकडे कोणी बघत नाही, तो. घर सोडलं की सगळं संपलं असं कुटुंब मानतं आणि बँकेचं शाखा कार्यालयही तसंच वागतं. पण कलम १३(७) म्हणतं की विक्रीच्या पैशातून आधी वसुलीचा खर्च, मग कर्ज, आणि उरेल ते ज्याचा हक्क आहे त्याला परत. घर ५७ लाख ६० हजारांना गेलं होतं. कर्ज तेवढं नव्हतं.

नोव्हेंबरमध्येच लेखी पत्र देऊन खात्याचा उतारा आणि खर्चाचा तपशील मागितला. तीन आठवड्यांनी आलेल्या कागदावर कर्ज आणि व्याज मिळून ४१ लाख १८ हजार ३५०, आणि खर्च २ लाख ८ हजार ४००. जाहिराती, मूल्यांकन, वकील, ई-लिलावाची फी, सगळं रास्त. शेवटची ओळ होती, ‘सुरक्षा रक्षक, ८ महिने, दरमहा १२,०००’. म्हणजे ९६ हजार. ज्या घरात पाच माणसं राहत होती, रोज स्वयंपाक होत होता, त्या घरावर रक्षक? मी माझ्या नोकरीत अशा ओळी पाहिल्या आहेत. सिम्बॉलिक ताबा मिळाला की एजन्सीचं बिल आपोआप लागतं आणि तपासणारा कोणी नसतो. पत्रात फक्त दोन गोष्टी मागितल्या, रक्षकाची हजेरी आणि बिलांच्या प्रती. उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रात पंचनाम्याची प्रत जोडली आणि लिहिलं की पहिल्या पत्राला ३० दिवस झाले आहेत, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करत आहोत. दहा दिवसांत सुधारित हिशेब आला. ती ओळ गेली होती आणि खर्च १ लाख १२ हजार ४०० वर आला होता.

खरेदीदाराने किमतीतून एक टक्का, ५७,६०० रुपये, टीडीएस (आधीच कापून भरायचा आयकर) कापला होता. ५० लाखांच्या वरच्या घराला तो कापावाच लागतो आणि तो जमा होतो ज्याचं घर विकलं गेलं त्याच्या पॅनवर. इथे दोघांच्या पॅनवर निम्मा-निम्मा. उरलेल्या ५७ लाख २ हजार ४०० मधून कर्ज आणि खर्च वजा जाता १४ लाख ७१ हजार ६५० रुपये. बँक ते नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यात टाकणार होती. घर दोघांचं, तेव्हा रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात हवी, असं बायकोने स्वतः जाऊन सांगितलं. तो अर्ज तिने मला न विचारता लिहिला होता आणि चांगला लिहिला होता.

पैसे १८ फेब्रुवारी २०२५ ला आले. २१ तारखेला मुलीचा दहावीचा पहिला पेपर होता.

कर्जासाठी गहाण टाकलेली एलआयसीची पॉलिसीही त्याच पिशवीत सापडली. कर्ज फिटलं की ती पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायची असते. मागितल्यावर झाली. ‘नो ड्यूज’ दाखला आणि न वापरलेले कोरे चेकही परत घेतले.

राहिला आयकर. लिलावात विकलं तरी कायद्याच्या दृष्टीने घर विकलं त्यांनीच आणि भांडवली नफाही त्यांचाच. पैसे बँकेने घेतले, हे कारण चालत नाही. ३२ लाखांचं घर ५७ लाख ६० हजारांना, म्हणजे नफा २५ लाख ६० हजार. साडेबारा टक्क्यांनी ३ लाख २० हजार कर. हा आकडा ऐकून दोघांचे चेहरे पुन्हा त्या शनिवारसारखे झाले. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने महागाईचा निर्देशांक लावून कर काढायची मुभा आहे आणि जो कमी येईल तो भरायचा. २०१२-१३ चा निर्देशांक २००, २०२४-२५ चा ३६३. ३२ लाखांचे झाले ५८ लाख ८ हजार. विक्रीपेक्षा जास्त, तेव्हा कर शून्य. दोघांनी विवरणपत्रं भरली आणि कापलेला टीडीएसही परत आला. हे जमलं, कारण मूळ कागद बँकेकडून खरेदीदाराकडे जाण्याआधी ऑक्टोबरमध्येच खरेदीखत आणि इंडेक्स टूच्या (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याच्या) प्रती काढून ठेवल्या होत्या. खरेदीची किंमत सिद्ध करायला दुसरा कागद नव्हता.

नवरा आता एका कंपनीच्या बसवर चालक आहे, पगारावर. पैसे मुदत ठेवीत आहेत. सिबिलचा अहवाल वाईट आहे आणि काही वर्षं तो तसाच राहील, नवं गृहकर्ज इतक्यात मिळणार नाही. सासूबाई नऱ्ह्याच्या इमारतीत खाली बसू लागल्या आहेत.

परवा तिचा फोन आला. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंना घेऊन येते म्हणाली. दोघी आल्या. त्या बाईंनी पदराआडून घडी घातलेली नोटीस काढली. कलम १३(२), मागणी २८ लाख. मी काही बोलायच्या आत तिनेच त्यांना विचारलं, “ताई, हप्ते किती थकलेत?”

“तीन.”

मी नोटिशीची तारीख बघितली. १९ दिवस झाले होते.